वाघीण फिरतेय, त्याला व्यायाम म्हणू नका

कोल्हापुरातल्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या पाचवी-सहावीची सहल दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्राणिसंग्रहालयात जाते. यंदा एका पालकाने लेखी हरकत घेतली, की कैदेतली जनावरं मुलांना दाखवणं चूक आहे. दुसऱ्या पालकाने पालकसभेत उठून विचारलं, मग पोरांनी वाघ बघायचा कुठं, स्वप्नात? बाईंनी मला दोन गोष्टी विचारल्या आहेत. जंगली प्राण्यांना असं ठेवणं बरोबर की चूक? आणि कोल्हापुरात असं एखादं संग्रहालय व्हावं का?

बाई, माझी निम्मी हयात गाई-म्हशींच्या गोठ्यात गेली. मधली सहा वर्षं मी एका प्राणिसंग्रहालयात डॉक्टर होतो, आणि निवृत्त झालो तरी वनखात्याचा फोन आला की अजून गाडी काढतो. त्यामुळे पिंजऱ्याचं कुलूप मी लावलंही आहे आणि त्याबद्दल रात्री झोपमोडही करून घेतली आहे. तेवढं धरून वाचा.

सरसकट बरोबर किंवा सरसकट चूक, असं मला म्हणता येत नाही. मगर उन्हात तोंड उघडून चार तास पडते, ती नदीकाठीही तेच करते. हत्तीचं तसं नाही. मी कुठल्याही पिंजऱ्यापुढे दोनच गोष्टी बघतो: हा प्राणी इथं कशापायी आला, आणि तो दिवसभर करतो काय. पहिल्याचं उत्तर दप्तरात मिळतं. दुसऱ्यासाठी तिथं उभं राहावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. लोक एका पिंजऱ्यापुढे दोन-तीन मिनिटं थांबतात, फोटो काढतात, पुढे जातात.

मीही सुरुवातीला तेच केलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक वाघीण बघितली. पाण्याच्या हौदापासून मागच्या लोखंडी दारापर्यंत अकरा पावलं, मग वळण, मग पुन्हा अकरा. वळताना ती मान उजव्या बाजूला एकाच जागी झटकायची. तिथं भिंतीवर तिच्या गालाच्या घासण्याने हातभर लांब काळपट, तेलकट पट्टा पडला होता. कीपर म्हणाला, "फिरती साहेब रोज. व्यायाम हाय तिचा." मलाही ते पटलं. अंगावर मांस चांगलं, लघवी-शेण व्यवस्थित, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. कागदावर वाघीण ठणठणीत होती.

मग एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, मी घड्याळ घेऊन बसलो. तीन वाजल्यापासून पाचला मांस पडेपर्यंत ती दोन तासांतली मिनिटं मोजून अठरा थांबली. बाकी वेळ अकरा पावलं. याला स्टिरिओटिपी म्हणतात. म्हणजे ज्या हालचालीतून काही साधत नाही, पण जी ठरलेल्या साच्यात पुन्हा पुन्हा होते, थांबवता येत नाही. 2003 साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी मांसभक्षी प्राण्यांची तुलना करून दाखवलं, की जंगलात ज्यांचा वावर जितका लांबवर, तितक्या त्यांच्या पिंजऱ्यातल्या येरझारा जास्त आणि पिल्लं मरण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा पिंजरा त्याच्या जंगलातल्या किमान क्षेत्राच्या साधारण दहा लाखांश भरतो, असा त्यांचा हिशोब होता. आपल्या वाघिणीचा आकडा इतका भयंकर नाही, पण जातकुळी तीच.

यावर उपाय म्हणून जे करतात त्याला एनरिचमेंट म्हणतात. मांस एका जागी न टाकता लपवायचं, वेळ बदलायची, दुसऱ्या जनावराचा वास आणून द्यायचा. मी मेंढरांच्या वाड्यातला पाला-लेंड्या पोत्यात भरून आणून आत टाकल्या. तिने ते पोतं असं फाडलं की बघत राहावं. दोन दिवस येरझारा अर्ध्यावर आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा पावलं. रोज काहीतरी नवं द्यायचं तर माणूस लागतो, आणि तिथं एका कीपरकडे सात पिंजरे होते. त्या सहा वर्षांत मी तिच्यासाठी जास्तीत जास्त काय केलं, तर भिंतीला एक उंच फळी मारून घेतली. त्यावर ती बसायची. तिथून तिला चितळं दिसायची. हे तिच्यासाठी बरं होतं की आणखी वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता हत्ती. कोल्हापुरात हा विषय काढताना जरा जपून बोलावं लागतं, पण टाळणार नाही. नांदणीच्या मठातली महादेवी, लोकांची माधुरी, जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला अंबानींच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली तेव्हा इथं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. बायाबापड्या रडल्या, नांदणीहून कोल्हापुरापर्यंत पदयात्रा निघाली, लोकांनी अंबानींच्याच जिओची मोबाईल सिमं बदलली. त्याआधी 2014 मध्ये जोतिबाचा सुंदर हत्तीही न्यायालयाच्याच आदेशाने बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला होता. लोकांचं प्रेम खोटं होतं असं मी कधी म्हणणार नाही. मी नांदणीबद्दल बोलतही नाही, हत्ती या जातीबद्दल बोलतो.

हत्तीण आयुष्यभर आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या कळपात राहते. नर वयात आला की बाहेर पडतो, मादी नाही. म्हणजे एकटी हत्तीण ही आधीच एक मोडलेली गोष्ट असते, मग तिला ऊस घाला, केळी घाला, नाहीतर झूल घाला. दुसरं म्हणजे पाय. तळव्याखाली जाड चरबीची गादी असते, मऊ मातीवर रोज मैलोन्मैल चालण्यासाठी. तीच गादी फरशीवर, स्वतःच्या ओल्या शेणामुतात तासन् तास उभी राहिली की नखं तडकतात, तळव्याला गळू होतं, सांधे धरतात. एका गावच्या मिरवणुकीत मला असाच एक हत्ती बघायला बोलावलं होतं. मागचा डावा पाय उचलायला लावला, तर नखाच्या बुडातून पू आला आणि वासाने माहुतानेच तोंड फिरवलं. त्याच वेळी पुढे भजन चाललं होतं आणि हत्ती डावीकडून उजवीकडे डुलत होता. एक आजी हात जोडून म्हणाल्या, "बघा की डॉक्टर, कसं रमलंय!" त्या डुलण्याचं नावही तेच, स्टिरिओटिपी. भजन थांबल्यावरही तो डुलत राहिला. मी आजींना काही बोललो नाही.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्येच ठरवलं, की हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या जंगली छावण्यांत हलवावं. अंमल किती रखडला ते सोडा, पण हत्तीच्या बाबतीत जागा अपुरी पडते हे सरकारी कागदावर मान्य झालं, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या गावाचा या साऱ्याशी जुना संबंध आहे. साठमारीत हत्ती झुंजायचे आणि संस्थानाच्या चित्तेखान्यात शिकारीचे चित्ते असायचे. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायचे. न्यू पॅलेसमधली भुसा भरलेली जनावरं तुमच्या मुलांनी पाहिली असतीलच. पण चित्त्याची एक गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. चित्ता पिंजऱ्यात जवळजवळ वीतच नसे. अकबराच्या चित्तेखान्याचा एवढा बोलबाला, पण बंदिवासात पिल्लं झाल्याची नोंद जहांगीराने केली ती अप्रूप म्हणून. शिवाय शिकार शिकलेलाच चित्ता हवा, म्हणून आईने तयार केलेली मोठी जनावरं पकडायची. म्हणजे प्रत्येक पाळीव चित्ता हा जंगलातून वजा झालेला चित्ता. शेवटी शेवटी कोल्हापूरला चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते. 1952 मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. शिकार, माळरानांची नांगरट, ही कारणं मोठी आहेतच, पण या वजाबाकीचा वाटाही त्यात आहे. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला उतरले तेव्हा मला आमच्या गावच्या बैलगाड्या आठवल्या.

म्हणून संग्रहालयवाले "आम्ही प्रजनन करतो" म्हणाले, की मी पुढचा प्रश्न विचारतो: कशासाठी? पांढरा वाघ घ्या. 1951 मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून, त्याचाच त्याच्या मुलीशी संकर करून ही ओळ वाढवली. तिरळे डोळे, वाकडी हाडं, दुबळी पिल्लं. जंगलासाठी त्याचा शून्य उपयोग. तिकीटबारीसाठी मात्र फार.

चितळांचं उलटं. ती न सांगता वाढतात. वाघ नाही, बिबट्या नाही, वैरण वेळेवर, कुंपण मात्र तेवढंच. मग नरांची शिंगं एकमेकांच्या पोटात जातात आणि एखादा आजार शिरला की कळपच्या कळप आडवा होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या शेजारी, बेळगावजवळच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात घटसर्पाने 31 काळवीट काही दिवसांत गेली. घटसर्प म्हणजे तोच, ज्याची लस आम्ही पावसाळ्याआधी तुमच्या म्हशीला टोचतो. माळावर विखुरलेल्या कळपात त्याला इतकं एकगठ्ठा सावज मिळालं नसतं.

जास्तीच्या जनावरांचं करायचं काय, यावर जगात दोन टोकं आहेत. फेब्रुवारी 2014 मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा दीड वर्षाचा धडधाकट जिराफ मारला, कारण त्याची जनुकं तिथल्या जिराफांत आधीच भरपूर होती. लोकांसमोर त्याचं विच्छेदन केलं आणि मांस सिंहांना घातलं. जग खवळलं. संग्रहालयाचं म्हणणं असं, की प्राण्याला वीण आणि संगोपन करू देणं हेही त्याचं सुख आहे, ते काढून घेण्यापेक्षा जास्तीचं जनावर वेदना न देता मारणं बरं. माझ्या हातून ते झालं नसतं. पण आपल्याकडे मारायचं नाही, नसबंदी वेळेवर करायची नाही, दुसरीकडे हलवायचा कागद वर्षभर फिरतो, आणि तोवर दाटीत जे मरतं ते नैसर्गिक मृत्यूच्या रकान्यात. हे जास्त दयाळूपणाचं आहे असं मला वाटत नाही. मी स्वतः असे रकाने भरले आहेत.

मग मी सगळी कुलपं उघडा म्हणतो का? नाही. आणि इथं मला माझं जुनं पाप सांगावं लागेल. नव्वदीनंतर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन आलं. लंगडणारी म्हैस संध्याकाळी उभी राहायची, शेतकरी दुवा द्यायचा. आम्ही सगळ्यांनीच ते भरभरून टोचलं. त्यातली जी जनावरं तरीही मेली, ती गावाबाहेर टाकली, गिधाडांनी खाल्ली, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. त्याच काळात हरियाणात पिंजोरला गिधाडं पकडून, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून वीण सुरू झाली. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. ते काढून यंत्रात उबवलं, तर बऱ्याचदा मादी दुसरं घालते. असं एकेक अंडं मोजत पिल्लं वाढवली. ते पिंजरे नसते तर काही भागांत आज आभाळात सोडायला पक्षीच नसता. तो पिंजरा मला मान्य आहे, कारण त्याचं दार कुठं उघडणार हे ठरलेलं आहे. अर्थात बाहेर विष तसंच असेल तर दार उघडून काय उपयोग? किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं जनावरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना चालतं, तेवढाच मजकूर मी आमच्या तरुण डॉक्टर पोरांना घोकायला लावतो.

दुसरा मान्य पिंजरा म्हणजे ज्याला परत जाताच येत नाही त्याचा. 1998 मध्ये सर्कशीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद झाले. आपल्या शेजारच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस काढली, त्या परंपरेवर पडदा पडला. त्या सिंहांना कुठल्या जंगलात सोडणार होता? ते निवारा केंद्रांत म्हातारे होऊन मेले, आणि ते योग्यच होतं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं असंच केंद्र आहे. कुणाचा पाय सापळ्यात गेलेला, कुणी लहानपणीच माणसांच्या हातून दूध पिऊन वाढलेला. पण यातले किती बिबटे तिथं पोचायलाच नको होते, हा माझा खरा राग आहे.

दरवर्षी ऊसतोड सुरू झाली की फोन येतो: फडात वाघाची पिल्लं सापडली. आधी बघायचं, बिबट्याची आहेत की रानमांजराची. पुष्कळदा मांजराचीच निघतात. चार वर्षांपूर्वी शाहूवाडीकडच्या एका गावात गेलो, तर खरंच बिबट्याची दोन निघाली. डोळे उघडलेले, दीडेक वित लांब, फुत्कारायला शिकलेली. गावाने त्यांना घोंगडीत गुंडाळून शेळीचं दूध पाजलं होतं, पोरं सेल्फी काढत होती. एक पुढारी म्हणाले, "डॉक्टर, प्राणिसंग्रहालयाला द्या की. तिथं दोन वेळचं मटण मिळंल, सुखात ऱ्हातील." मनापासून बोलले ते. मी तोड थांबवायला लावली, पिल्लं भाजीच्या क्रेटमध्ये घालून जिथं सापडली त्याच सरीत नेऊन ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि सगळ्यांना पार रस्त्यापर्यंत मागे हटवलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे खोटं आहे. रात्री पावणेदहाला ती आली. क्रेटभोवती दोन चकरा मारल्या, एक उचललं, गेली. चाळीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी परत. सकाळी कॅमेरा बघताना तोडीवाली एक बाई ओरडलीच, "आली न्हवं! न्हेली बघा पोरं!" तिचं स्वतःचं लेकरू पाचटावर झोपलं होतं. त्या दोन पिल्लांना सुखात ठेवायचं म्हणून आम्ही उचललं असतं, तर पुढची पंधरा वर्षं ती कुठंतरी अकरा पावलं मोजत बसली असती.

उलट मोठं जनावर पकडायलाच जाऊ नये अशीही वेळ असते. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, शेकडो लोक मागे धावले, पकडल्यावर तो मेला. भीतीने आणि धावण्याने अंग तापतं, स्नायूंची नासाडी होते, मग भुलीचं औषध कितीही नेमकं असो. कोल्हापूरच्या वेशीवर गवा आला की माझा पहिला सल्ला गर्दीबद्दल असतो, डार्टबद्दल नंतर.

तर कोल्हापुरात प्राणिसंग्रहालय? माझं मत विचाराल तर नको. आपल्याकडे 1958 पासून दाजीपूरचं अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं. आज राधानगरी म्हणून ते 351 चौरस किलोमीटरचं झालं आहे. त्याच्या दारात बसून आपण वाघ-सिंह मागवून घ्यायचे, म्हणजे घरात आंब्याची आढी असताना बाजारातून सरबताची बाटली आणण्यातला प्रकार. इथं हवं ते वन्यप्राण्यांचं चांगलं दवाखान्यासारखं केंद्र, विहिरीत पडलेल्या, गाडीने ठोकरलेल्या, तारेत अडकलेल्या जनावरांसाठी. तिकीट नाही, प्रेक्षक नाहीत. त्यामुळेच त्याला पैसा मिळवणं अवघड जाईल, हेही खरं.

आणि सहल. न्या, पण अशी. पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्या, तिथे जागा तरी मोठी आहे. पुण्यातल्याच जुन्या पेशवे पार्कातली जनावरं तिथं हलवली, तो बदल ज्यांनी दोन्ही पाहिलं त्यांना कळतो. मुलांना सगळं संग्रहालय दाखवू नका. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एकच प्राणी द्या, एक घड्याळ आणि वही. अर्धा तास बसायचं आणि दर मिनिटाला लिहायचं: झोपलाय, खातोय, चालतोय, तीच वाट पुन्हा चालतोय, लपलाय. लपायला जागाच नसेल तर तेही लिहायचं. बाहेर पाटीवर तो प्राणी कुठून आला हे लिहिलंय का, ते बघायचं. पहिली दहा मिनिटं पोरं कंटाळतील, तेव्हा तुम्ही ओरडू नका. हरकत घेणाऱ्या पालकालाही सोबत न्या, एक गट त्यांच्याकडे द्या.

काही खायला घालू देऊ नका. वन्यजीव कायद्याच्या कलम 38-जे नुसार प्राण्याला डिवचणं, खाऊ घालणं, कचरा टाकणं हा गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा मुलांना हे सांगा: मी एका मेलेल्या चितळाच्या कोठीपोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा एक गोळा काढला होता, फुटबॉलएवढा, दोऱ्यासारखा पीळ बसलेला. मधोमध कुरकुऱ्यांचं पाकीट होतं, त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

बुधवार सोडून जा. कात्रज त्या दिवशी बंद असतं.